सिग्नल लागला

"आधी एवढं सांग, ह्याच्यापायी सरडे किती मारले?" शालननं विचारलं.

काचेच्या तबकात वहीच्या पानाएवढा, दुधावरच्या सायीसारखा पातळ, हिरवट तुकडा पडला होता. तो तिच्या नवऱ्याच्या हातावर डकवायचा होता. गडहिंग्लजहून कोल्हापूरच्या ह्या प्रयोगशाळेपर्यंत येताना सबंध वाटभर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आज ह्या पक्षात आणि उद्या त्या पक्षात उड्या मारणाऱ्याला आपल्याकडे सरडा म्हणतात. आणि ज्योतिराम चौगुलेसारख्या सरळमार्गी माणसाला म्हातारपणी सरड्याचं कातडं चिकटवायचं? गल्लीला तेवढंच निमित्त मिळालं असतं.

"एकही नाही, काकी," तन्वीर मुजावर म्हणाला. "सरड्याची फक्त युक्ती घेतलीय. कातडं आमचं आम्ही बनवलंय."

तन्वीर इथला संशोधक. परदेशात शिकून आला होता, पण मूळचा कागलचा असल्यामुळे त्याचं बोलणं घरच्यासारखं होतं. शालनला तेवढ्यानं जरा धीर आला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ज्योतिरामला काय वाटलं, ते कळायला मार्ग नव्हता. त्याला कंपवात झाला होता. हात थरथरायचा, पाऊल उचलता उचलायचं नाही, आवाज घागरीच्या तळातून आल्यासारखा बारीक झाला होता. पण ह्या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे त्याचा चेहरा थांबला होता. समोर बेसनाचा लाडू ठेवा नाहीतर कारल्याचा रस, हसू नाही की आठी नाही.

तन्वीरनं भिंतीवर एका प्राण्याचं चित्र आणलं. फांदीला वेटोळं घातलेली शेपटी, सुपारीसारखे बाहेर आलेले डोळे आणि अंगावर हिरवा, निळा, तांबडा असे पट्टेच पट्टे.

"कुंपणावर बसून मान हलवतो तो आपला साधा सरडा वेगळा. हा शॅमेलिऑन, मादागास्करचा. आपल्या पुस्तकांत ह्याला सरडगुहिरा म्हणतात, आणि आपल्या माळरानातही ह्याचा एक भाऊबंद सापडतो. आता बघा, रंग दोन तऱ्हांचा असतो. एक हळदीचा. हळद पिवळी, कारण तिच्यात पिवळं द्रव्य आहे. दुसरा साबणाच्या फुग्याचा. फुग्यात रंग कुठला? नुसतं साबणाचं पाणी. पण त्याच्या पातळ पडद्यावरून परतताना उजेड आपल्यातला एखादाच रंग निवडून आणतो. ह्या प्राण्याकडे दोन्ही आहेत. वर पिवळ्या द्रव्याचा थर, आणि त्याच्याखाली अशा पेशी, की त्यांत अगदी बारीक स्फटिक ओळीनं रचून ठेवलेत. ग्वानीनचे. हेच ग्वानीन आपल्या डीएनएत असतं, माशाच्या खवल्याला चकाकी देतं तेही हेच."

"आणि ते स्फटिक काय करतात?"

तन्वीर ज्योतिरामकडे वळला. "काका, तुम्ही एस.टी.त कंडक्टर होता ना? मग तुम्हालाच सांगतो. गाडी खचाखच भरली की माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात. तसे हे स्फटिक दाटीनं उभे असले की निळा उजेड परत फिरतो. वरचा पिवळा थर त्यात मिसळला की आपल्याला दिसतो हिरवा. आता स्टॉप आला, निम्मी माणसं उतरली, उरलेली ऐसपैस झाली. स्फटिकांमधलं अंतर वाढलं. मग पिवळा परततो, अजून वाढलं की नारिंगी, आणि फारच पांगले की तांबडा. कातडीत नवा रंग कुठूनही येत नाही. फक्त उभं राहायची जागा बदलते."

"आणि पुढं सरका, पुढं सरका म्हणून ओरडणारा कंडक्टर कोण?" शालननं विचारलं.

तन्वीर क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला, कारण अर्ध्या पाहुण्यांना हा प्रश्न सुचत नसे. "मन, काकी. त्याचं मन चेतलं की कातडीला हुकूम जातो. काकांचंही तसंच आहे. तोंड हलवायचा हुकूम ह्यांच्या मेंदूतून वेळेवर निघत नाही, म्हणून चेहरा असा. पण मनात काही हललं की कातडीला किंचित घाम सुटतो, आतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, सैलावतात. तो हुकूम दुसऱ्या रस्त्यानं जातो. पुष्कळ रुग्णांत तोही रस्ता बंद पडतो. काकांचा चालू आहे, मागच्या वेळी आपण तपासून घेतलं. हा तुकडा ते टिपणार आणि आपले स्फटिक पांगवणार."

"म्हणजे ह्यांच्या मनातलं मला ह्यांच्या हातावर दिसणार."

"मन हललंय एवढं दिसणार. का हललं, ते नाही दिसणार. ते काकांना विचारायचं. म्हणून तर मी रंगांचा तक्ता देत नाही कुणाला. अमुक रंग म्हणजे अमुक भावना, असं काही नाही त्यात."

शालननं मान डोलावली आणि मनातल्या मनात म्हणाली, तक्ता लागतोय कुणाला? रंग कळत नसायला मी काय परदेशातनं आलोय? कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं ती मनातसुद्धा 'आलो, गेलो'च बोलायची.

"काका, लावू ना?" तन्वीरनं विचारलं.

बराच वेळ गेला. मग ज्योतिरामच्या तोंडून आलं, "लावा."

ज्याला चेहऱ्याचा माणूस म्हणावं असा ज्योतिराम होता. गडहिंग्लज–निपाणी गाडीवर त्यानं उमेदीची वर्षं काढली. सुट्टे नसलेल्या प्रवाशासमोर तो असं काही तोंड करायचा की प्रवासी हसून पिशवीच्या तळातलं नाणं काढून द्यायचा. रडक्या पोरासमोर घोडा व्हायचा, कटकट्या म्हातारीसमोर तिच्याहून मोठी म्हातारी व्हायचा. शालन तेव्हा निपाणीला कॉलेजात जायची आणि आपल्या गावच्या फाट्यावर ती गाडी पकडायची. तिनं पायरीवर पाय ठेवला की ड्रायव्हर, परीट त्याचं नाव, आरशात बघून हमखास ओरडायचा, "सिग्नल लागला!" आणि पुढच्या बाकांवरची नेहमीची मंडळी खो खो हसायची. त्या अख्ख्या रस्त्यावर तेव्हा एकही सिग्नल नव्हता. लग्न झाल्यावर तिनं ज्योतिरामला विचारलंही होतं, की हा परीट काय बरळायचा? त्यानं घोड्याचं तोंड करून विषय उडवून लावला होता. पुढं परीट वारला, गाड्या ड्रायव्हरवाचून आपोआप चालू लागल्या, आपोआप तिकीट कापू लागल्या, कंडक्टर ही जातच एस.टी.तून नाहीशी झाली.

मग कधीतरी तो चेहरा थांबायला लागला, इतका हळू की घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. शालनला वाटलं, नोकरी गेल्याचा रुसवा आहे. ती डिवचायची, तो गप्प. ती चिडायची, तो तरी गप्प. पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांच्या देखत ती बोलून गेली, "ह्यांच्यासमोर घर पेटलं तरी चेहऱ्यावरची माशी हलायची न्हाई." लोक हसले. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा रुसवा नाही, आजार आहे, आणि शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी असं तिला रोज वाटायचं. पण मागून झाल्यावर समोरचा चेहरा तसाच राहणार, मग माफी पोचली की नाही हे कळणार कसं? म्हणून ते राहून गेलं. आता हातावर दिसेल, ह्या एका आशेनं तिनं सरड्याचं नावसुद्धा चालवून घेतलं होतं.

पहिले काही दिवस मजेत गेले. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत बसलेला तो तुकडा बघायला गल्लीतल्या बायका यायच्या. ज्योतिराम खुर्चीत, हात खुर्चीच्या हातावर, आणि हात हिरवागार. बातम्या लागल्या, हिरवा. क्रिकेटमध्ये कुणी बाद झाला की कडेनं जरा पिवळसर व्हायचा आणि पुन्हा हिरवा. देखभालीला येणारी रंजना त्याला आंघोळ घालायची, भरवायची, गावभरच्या गप्पा सांगायची, तरी हिरवा. "काका लई शांत हो," रंजना म्हणायची.

तांबडा पहिल्यांदा दिसला तो शालन चहा घेऊन खोलीत आली तेव्हा. ती दारात होती तेव्हा कोपराजवळ पिवळं उमटलं. दोन पावलं पुढं आली तसं ते नारिंगी होत मनगटाकडे उतरलं. आणि कप त्याच्या ओठाला लावेपर्यंत सबंध हात पिकल्या मिरचीसारखा झाला. तिनं चहा पाजला, तोंड पुसलं आणि बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दारातून वळून पाहिलं, तर हात पुन्हा हिरवा पडत होता.

दुपारी तेच झालं आणि दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारीण आली की हिरवा, शालन आली की तांबडा.

आता हे काय विचारायचं? माणूस रागानं लालबुंद होतो, भीतीनं पिवळा पडतो, आणि गार हिरव्या सावलीत निवांत होतो, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान होतं. तन्वीरनं तक्ता दिला नव्हता, पण मराठीनं दिला होता. त्या तक्त्याप्रमाणे उत्तर एकच निघत होतं. ज्योतिरामचा तिच्यावर राग होता. लग्नातलं ते वाक्य तो विसरला नव्हता. आणि इतकी वर्षं बिचाऱ्याला राग दाखवायची सोय नव्हती, ती आता तिनंच करून दिली होती.

तिला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मीच उठवायचं, बसवायचं, औषधं द्यायची, आणि तांबडं व्हायचं ते माझ्यावरच? पण विचारायचा धीर मात्र होईना. विचारलं आणि तो 'होय' म्हणाला तर?

मग तो बाही ओढायला लागला. ती खोलीत आली की उजवा हात थरथरत डाव्या हाताकडे सरकायचा आणि सदऱ्याची अर्धी बाही खाली ओढायला बघायचा. बाही पुरायची नाही. एके दिवशी त्यानं रंजनाकरवी कपाटातले पूर्ण बाह्यांचे शर्ट काढून घेतले. आता मनगटाला बटण लागलं आणि शालनला काही दिसेनासं झालं. तिनं त्याचाही अर्थ लावला. राग आहेच, वर बायकोला दिसू नये एवढा चांगुलपणाही आहे. ह्या विचारानं तिला जास्तच रडू आलं.

तिनं स्वतःला बाजूला केलं. चहा रंजना नेऊ लागली, औषधं रंजना देऊ लागली. शालन स्वयंपाकघरातून कानोसा घ्यायची. संध्याकाळी ती रंजनाला विचारायची, "आज कसा होता हात?" आणि आंघोळीला, औषधाला बाही वर करून हात बघणारी रंजना म्हणायची, "दिवसभर हिरवा, काकी. जरा बी त्रास न्हाई." प्रत्येक वेळी तिला बरं वाटायचं आणि प्रत्येक वेळी वाईटही.

अशातच गौतमी, त्यांची मुलगी, हैदराबादहून भिंतीवर आली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिचा चेहरा हल्ली रोज संध्याकाळी यायचा. सांगलीला कंपवाताच्या रुग्णांसाठी एक निवास निघाला होता. चालायचा सराव करून घेणारी यंत्रं, डॉक्टर, बाग, सगळं जागच्या जागी. "आई, तू दमलीयस," ती म्हणाली. "पप्पांना तिथं ठेवू या. तुला वाटेल तेव्हा तू जाऊन राहा."

महिन्याभरापूर्वी शालननं तिला झाडलं असतं. आज ती म्हणाली, "ठेवू या. ह्यांना माझ्यापेक्षा तिथं बरं वाटंल."

ज्योतिरामला सांगायला ती स्वतः गेली. आंघोळ नुकतीच झाली होती, शर्ट अजून चढायचा होता, त्यामुळे हात उघडा होता. ती समोर बसली तसा तो तांबडा झाला. तिनं मान खाली घालून सांगितलं, सांगलीला असं असं ठिकाण आहे, येत्या रविवारी जायचं. मान वर केली तेव्हा हातावरचा तांबडा ओसरत होता. नारिंगी झाला, पिवळा झाला, हिरवा झाला, पण तिथं थांबला नाही. जळक्या तव्यासारखा काळा होऊन बसला.

"बरं," ज्योतिराम म्हणाला.

राग शिगेला पोचल्याचं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याची संमती कानांनी ऐकली होती. तिनं तन्वीरला कळवून टाकलं, शनिवारी येऊन तुझं कातडं काढून ने.

तन्वीर आला तो एक पिंजरा घेऊनच. पिंजऱ्यावर ओला पंचा टाकलेला होता. "काकी, जरा पडवीत ठेवतो. पाहुणा आहे."

पाहुणा म्हणजे एक शॅमेलिऑन, आपल्याच माळरानातला. कुणीतरी त्याला काठीनं झोडपलं होतं आणि वनखात्यानं उपचारासाठी तन्वीरकडे सोपवला होता. आता तो बरा झाला होता. शालनचं काम उरकलं की पुढं माळावर जाऊन त्याला सोडायचं होतं. पंचा काढला तसा तो पानांमधून पुढं निघाला. पाय उचलायचा, पुढं न्यायचा, पुन्हा मागं, पुन्हा पुढं, वाऱ्यावरच्या पानासारखा डुलत डुलत एकदाचा टेकवायचा. एक डोळा तन्वीरकडे होता, दुसरा फिरत फिरत शालनकडे आला.

"हे बी आमच्या ह्यांच्यासारखंच की," शालन म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं होतं. "एक पाऊल टाकायला चारदा मागंपुढं. आणि पानात बसलाय म्हणून हिरवा झालाय न्हवं? लपायला?"

"सगळे तसंच म्हणतात. मी त्याला वाळल्या पिवळ्या पानांत ठेवून बघितला, तरी हिरवाच. लपायचं काम त्याचा मूळ रंगच करतो, त्यासाठी मुद्दाम काही करत नाही तो. थंडी-उन्हासाठी थोडा बदलतो. एरवी हिरवा म्हणजे निवांत बसलाय, समोर कोणी नाही."

शालननं ते अर्धवट ऐकलं. ती चहा करायला आत गेली. स्टीलच्या मोठ्या ट्रेमधून दोन कप घेऊन आली. तो ट्रे तिच्या लग्नातला, घासून घासून आरसा झालेला. कप उचलून झाल्यावर तिनं सवयीनं ट्रे भिंतीला टेकवून उभा केला आणि पिंजऱ्याजवळच्या पायरीवर बसली.

पिंजऱ्यात गडबड उडाली. शॅमेलिऑन जागच्या जागी थबकला. त्याचा गळा फुगला, अंग दोन्ही बाजूंनी चपटं होऊन दुप्पट दिसू लागलं, आणि बघता बघता हिरव्या अंगावर भडक पिवळे पट्टे आणि गडद ठिपके उमटले.

शालन झटकन मागं सरकली. "बघ. माझं तोंडच तसलं हाय. ह्याला बी मला बघून राग आला."

"तुम्हाला कुठं बघतोय तो?" तन्वीर हसत म्हणाला. "ट्रे बघा. त्याला ट्रेमध्ये दुसरा शॅमेलिऑन दिसतोय."

ट्रेमध्ये खरोखरच एक पिवळ्या पट्ट्यांचा प्राणी गळा फुगवून उभा होता.

"तेव्हा त्याला राग आलाय हे बरोबर, पण तेवढंच नाही," तन्वीर सांगू लागला. "ह्याच्या जागी मादी दिसली असती तरी तो असाच फुलला असता. स्फटिक तेच, पांगायची रीत तीच. भांडायचंय का सोयरीक करायचीय, ते समोरच्यानं ओळखायचं. पण एक नक्की. झाडावर, भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्यावर हा रंग उधळत नाही. मघापासून मी समोर बसलोय, मला किती भाव दिला? ज्याला तो आपल्या लेखी कुणीतरी मानतो, त्याच्यासाठीच हे सगळं. आणि आपण लबाड माणसाला सरडा म्हणतो. ह्या बिचाऱ्याला मनातलं लपवताच येत नाही."

शालनच्या हातातला चहा तसाच राहिला होता. "म्हणजे हिरवा म्हणजे..."

"हिरवा म्हणजे कोणी नाही."

रंजना आली की हिरवा. शेजारीण आली की हिरवा. दिवसभर हिरवा, काकी, जरा बी त्रास न्हाई.

तेवढ्यात पिंजऱ्यातले पट्टे विझायला लागले. ट्रेमधला प्राणी काही मागं हटत नव्हता. ह्याचं फुगलेलं अंग बसलं, पिवळा मावळला, आणि नाकापासून शेपटीपर्यंत तो काळपट पडत गेला. अंग चोरून फांदीच्या मागच्या बाजूला सरकला.

"आता चिडला व्हय?" शालननं विचारलं, पण विचारताना तिचा आवाज बदलला होता.

"नाही, हरला. काळं पडून सांगतोय की मला भांडायचं नाही, मी जातो, मारू नको. आपल्या तुकड्याचंही तसंच आहे. माणूस आतून थंड पडला की स्फटिक इतके दाटतात, की त्यांच्यावरून परतणारा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. मग खालचा काळा थर उघडा पडतो."

"रागानं न्हाई होत काळं?"

"राग आला तर पांगतील, काकी. दाटतील कशाला?"

शालन उठली आणि तिनं तो ट्रे उचलून जमिनीवर पालथा घातला. तिला तो शॅमेलिऑन बघवेना. तिच्या डोळ्यांसमोर सांगलीचं ऐकून काळा पडलेला हात होता आणि कानात ते 'बरं' होतं.

"आणि तांबडा?" तिनं विचारलं.

"तांबडा म्हणजे समोर कुणीतरी आहे. राग का आणखी काही, ते मी सांगू शकत नाही. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, काकांना विचारायचं म्हणून." मग तो जरा थांबून म्हणाला, "विचारलं नाही?"

शालन तडक आत गेली.

ज्योतिराम खिडकीपाशी बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटण. तिला बघून उजवा हात सवयीनं डाव्या बाहीवर जाऊन बसला. ती स्टूल ओढून त्याच्या पुढ्यात बसली. तिला भीती वाटत होती. कॉलेजच्या परीक्षेतही वाटली नव्हती एवढी.

"अहो," ती म्हणाली. "मी आलो की तुमचा हात तांबडा होतोय. माझा राग हाय? पुतण्याच्या लग्नात मी तसं बोललो म्हणून? मला तेव्हा ठाऊक न्हवतं वो. ठाऊक असतं तर बोललो नसतो."

चेहरा तसाच होता. एरवी ती एवढ्यात उठून गेली असती. आज बसून राहिली. त्याचे ओठ किंचित हलले तसा तिनं कान जवळ नेला.

"सिग्नल," तो म्हणाला.

"काय?"

"सिग्नल... लागला."

तिला वाटलं ह्यांना भ्रम झाला. ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. तो पुढचा शब्द जुळवत होता, रिकाम्या गाडीत मागच्या बाकावरून कुणीतरी सावकाश दाराशी यावं तसा तो शब्द आला.

"कान," ज्योतिराम म्हणाला. "माझे कान. तुझा फाटा आला... की लाल. परीट बघायचा. आरशात."

शालनला ती गाडी पुन्हा डोळ्यांसमोर दिसली. पायरीवर पाय ठेवणारी ती, आरशात बघून ओरडणारा परीट, खो खो हसणारी पुढची बाकं आणि तिकिटांच्या पेटीवर मान घालून बसलेला तो तरणा कंडक्टर. सगळ्या गाडीला ठाऊक होतं. एकटी तीच वेड्यासारखी रस्त्यावर सिग्नल शोधत राहिली होती.

"आणि हे मला आता सांगताय?" तिनं पदर डोळ्याला लावला. "मग बाही कशाला ओढत होता सारखी?"

"लाज," तो म्हणाला. "ह्या वयात."

"आणि सांगलीचं बोललो तवा काळं झालं ते?"

ह्याला फार वेळ लागला. "तू दमलीस," तो म्हणाला. "म्हणून... बरं म्हणालो."

ती खरोखर दमली होती, हे खोटं नव्हतं. उद्याही दमणार होती. तिनं त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "दमलो तर रंजनाला रात्रीचं बी थांबवून घेतो. तुम्ही कुठं जायचं न्हाई."

दारात तन्वीर उभा होता, हातात तुकडा सोडवायच्या औषधाची बाटली. "काका," त्यानं विचारलं, "तुमचा हात, तुमची मर्जी. काढू का राहू दे?"

ज्योतिरामनं उजवा हात शालनच्या हातातून सोडवून घेतला. तो डाव्या मनगटावर नेला आणि बटण चाचपायला लागला. बोटं बटणावर जायची, घसरायची, पुन्हा जायची. शालनचा हात मदतीला पुढं झाला आणि तिनं तो मागं घेतला. बटण सुटलं. मग त्यानं बाही एक एक घडी करत कोपरापर्यंत वर नेली आणि हात खुर्चीच्या हातावर ठेवून दिला.

तन्वीरला पोचवायला ती फाटकापर्यंत गेली. पिंजऱ्यातला पाहुणा पुन्हा हिरवा होऊन पानांत डुलत होता. "चांगल्या झाडावर सोड," तिनं सांगितलं, "आणि दुसरा कुणीतरी दिसंल अशा ठिकाणी." मग गौतमीला काय सांगायचं, ते मनाशी जुळवत ती माघारी आली.

खोलीच्या दारात ती मुद्दाम थांबली. ज्योतिराम खिडकीबाहेर बघत होता. उघडा हात हिरवागार होता. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला. कोपराजवळ पिवळं उमटलं, नारिंगी झालं, आणि सरसरत खाली उतरलं.

"सिग्नल लागला," शालन म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. हात मात्र त्यानं झाकला नाही.